मुक्या वेशीपलीकडची हाक

ऊर्णनाथ महाराजांची पावले कुठवर जाऊन आली, हे सांगणे अवघड आहे. पण पार उत्तरेला, जिथे श्वेतार्णव नावाचा समुद्र अर्धे वर्ष गोठून पडलेला असतो, त्याच्या काठच्या गारतळी गावात ते एक अख्खा हिवाळा राहिले होते. खांद्यावर लोकरीची जाड कांबळ, हातात चिपळ्या आणि डोळ्यांत लहान मुलासारखे कुतूहल! मासळी सुकवायच्या लांबोडक्या पडवीत त्यांचे कीर्तन चाले, आणि कीर्तन संपले की महाराज श्रोत्यांनाच प्रश्न विचारत. "अहो, एवढ्या बर्फाखाली मासा श्वास कसा घेतो हो?" "समुद्र गोठताना आधी मध्ये गोठतो की काठाला?" लोक हसत. असा संत त्यांनी कधी पाहिला नव्हता.

या गावाची एक जुनी रीत होती. काठावर माशाचे एक उंच हाड रोवलेले होते, त्याला मुकी वेस म्हणत. हाड ओलांडून बर्फावर पाऊल टाकले की शब्द काढायचा नाही. माणसे तोंडाला लोकरीची पट्टी बांधत आणि बोटांच्या खुणांनी बोलत. समुद्र खाली झोपलेला आहे, माणसाचा आवाज कानी पडला तर तो कूस बदलेल आणि बर्फ फुटेल, असे वाडवडील सांगत आले होते.

याच गावात जिऊबाई राहत असे. नवरा म्हाळोजी बर्फाला भोके पाडून गळ टाकी, ही गळाला लावायचे आमिष कापून देई. जिऊबाईचे एकच दुखणे होते. तिच्या ओठांवर सतत नाम असे, आणि पट्टी बांधली तरी ते गुणगुणणे नाकातून बाहेर येई.

"जिऊ, आता नाकालाही टाका घालून घे!" बायका म्हणत.

सगळ्यांत मोठ्याने हसे तो रायाजी तांडेल. बर्फावर जाणारी सगळी माणसे त्याच्या शब्दात असत. तेहतीस हिवाळे त्याने बर्फावर काढले होते, आणि ते तो ज्याला त्याला ऐकवी.

एकदा कीर्तनानंतर पडवीतच जिऊबाईने त्याला विचारले, "तांडेलदादा, मी बर्फाला कान लावते ना, तेव्हा खालून गुणगुण ऐकू येते. आवाजाने बर्फ फुटतो म्हणता, मग स्वतःच्या गुणगुणण्याने कसा फुटत नाही?"

तांडेल पोट धरून हसला. "ऐका रे! बर्फाला घसा फुटला! बाई, तू आमिष काप. समुद्राचं आम्ही बघतो."

जिऊबाई मान खाली घालून निघाली. महाराजांनी मात्र तिला हाक मारली. "माय, कुठे ऐकू येते ती गुणगुण? मला दाखव." आणि काय सांगावे! पडवीभर माणसे बघत असताना महाराज तिच्यासोबत बर्फावर गेले, चक्क पालथे पडले आणि कान टेकला. बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा दाढीला बर्फ चिकटला होता आणि चेहरा फुलला होता.

"दक्षिणेचे आहेत," तांडेल म्हणाला. "बर्फ नवा आहे त्यांना. उद्या चाटूनही बघतील."

पुढे काही दिवसांनी तांडेल पाच जणांना घेऊन लांबच्या भोकांवर गेला. त्यांत म्हाळोजी होता. सकाळ लख्ख होती. दुपारी दक्षिणेचा कोमट वारा सुटला आणि बघता बघता पांढरे धुके असे उतरले की पसरलेला हात दिसेना. मग समुद्राच्या बाजूने एक आवाज आला. एखादा डोंगर चिरावा तसा.

गाव काठावर धावले. धुक्यातून एकटा तांडेल बाहेर आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. हाड ओलांडल्यावर त्याने तोंडाची पट्टी खाली ओढली.

"मी पुढे होतो. मागे बर्फ चिरला. पाचही जण पलीकडे राहिले."

"मग हाक मारा की!" जिऊबाई ओरडली. "त्यांना दिशा कळेल!"

"हाक मारलीस तर त्यांच्या पायाखालचंही जाईल! स्वतःच्या तोंडाने नवरा बुडवायचाय तुला?"

जिऊबाई विचारात पडली. तांडेलचे खरे असेल तर? आपल्या एका शब्दाने पाच घरे बसतील. आणि गप्प राहावे, तर ती माणसे वाट चुकून थंडीने जातील. तीही एकमेकांना हाक मारणार नाहीत, रीत त्यांनाही ठाऊक आहे. ती महाराजांकडे वळली. "महाराज, तुम्हीच सांगा. काय करू?"

महाराज म्हणाले, "माय, मला या समुद्राची ओळख पंधरा दिवसांची. तुझी जन्माची. तुझा कान काय म्हणतो?"

जिऊबाईने तोंडाला पट्टी बांधली, हाड ओलांडले आणि ती बर्फावर पालथी पडली. खालून तीच गुणगुण येत होती. संथ, जाड, एका सुरातली.

"झोपलेला नाहीये महाराज," ती काठावर परत येऊन पट्टी सरकवत म्हणाली. "जागा आहे. पहिल्यापासून जागाच आहे."

"मग जाग्याला कसली जाग आणायची? त्याच्याच सुरात लाव."

तिने पट्टी सोडून टाकली आणि पुन्हा हाड ओलांडले. तांडेल तिला ओढायला धावला, तोवर महाराज हाड ओलांडून तिच्या पुढे जाऊन उभे राहिले. "बुडायचे असेल तर आधी आम्ही बुडू," ते हसून म्हणाले आणि त्यांनी चिपळ्या उचलल्या.

पहिला शब्द घशातच फाटला. दुसऱ्याला सूर सापडला. महाराजांनीच कीर्तनात शिकवलेला अभंग होता तो.

नाही मज ठावी । तुझी देवा वाट ।
धुके घनदाट । हाक देई ॥

बर्फ थरथरला. लोकांनी डोळे मिटले. पण तो फुटला नाही! खालची गुणगुण वर आली, वाढत गेली, काठावर उभ्या असलेल्यांच्याही तळपायांना ती जाणवू लागली. जिऊबाई गातच राहिली. किती वेळ, तिलाच कळले नाही. आवाज बसत आला होता, तेव्हा धुक्यातून कुणीतरी ओरडले.

"जिऊ! गात राहा, येतोय!"

मुक्या वेशीपलीकडून हाकेला आलेले ते पहिले उत्तर. मग एक सावली दिसली, मागे दुसरी. पाचही जण एकमेकांचा कमरपट्टा धरून आले. म्हाळोजीच्या भुवया गोठल्या होत्या आणि तो खुळ्यासारखा हसत होता.

तेवढ्यात धुके विरले. मध्ये काळ्या पाण्याची सरळ चीर होती, चांगली पन्नास हात रुंद. कुठे पूल नाही, तरंगता तुकडासुद्धा नाही.

"आलात कसे तुम्ही?" कुणीतरी विचारले.

"चालत," म्हाळोजी म्हणाला. "सरळ आवाजाच्या रोखाने. मध्ये पायाखाली जरा वेगळीच जमीन लागली, खडबडीत. आणि..." तो अडखळला. "कोमट होती. खालून ठोका लागत होता. छातीला हात लावल्यावर लागतो ना, तसा. पण फार सावकाश."

पाण्यावर मोठाली वर्तुळे पसरत होती. महाराज चिरेच्या काठापर्यंत धावले आणि वाकून बघू लागले.

"महाराज, काय होतं हो ते?" जिऊबाईने विचारले.

"कोणास ठाऊक, माय! त्या दयाघनाने काय काय घडवून ठेवले आहे, मला कुठे सगळे माहीत?" त्यांचे डोळे भरून वाहत होते. "केवढे असेल गं ते?"

सगळे पाण्याकडे बघत होते. तांडेल मात्र हाडाशी पाठ टेकून खाली बसला होता. महाराज त्याच्याजवळ गेले.

"माझे आबा असेच गेले," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. "असंच धुकं होतं. मी सोळा वर्षांचा, इथेच उभा. हाक तोंडाशी आलेली. पट्टी घट्ट केली मी. आबांना वाचवतोय असं वाटलं मला. तेव्हापासून कुणी जरा गुणगुणलं की मी हसतो, महाराज. हसलो नाही तर..."

तो महाराजांच्या पायांवर वाकू लागला. महाराजांनी त्याला खांद्याशी धरून थांबवले.

"रायाजी, सोळा वर्षांच्या पोराने थोरांचे ऐकले, त्यात पाप नाही. पण ती हाक अजून तुझ्या घशात आहे. आधी तिला मोकळी कर."

तांडेल उठला. तेहतीस हिवाळ्यांत प्रथमच तो उघड्या तोंडाने हाडापलीकडे गेला. ओठ हलले, आवाज येईना. जिऊबाई शेजारी जाऊन उभी राहिली आणि बसलेल्या आवाजातच हलके सूर धरून राहिली.

"आबा!"

हाक पाण्यावरून गेली, पलीकडच्या बर्फावरून गेली, दूर दूर गेली. काही परत आले नाही. पण पायाखालची गुणगुण क्षणभर थांबली, कुणी कान देऊन ऐकावे तशी, आणि मग पुन्हा सुरू झाली.

तांडेलने डोक्यावरची पिसांची टोपी काढली. आधी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. मग वळला आणि साऱ्या गावादेखत जिऊबाईच्या पायांशी वाकला.

"अहो तांडेलदादा, उठा!" ती पाय मागे घेत म्हणाली. "भिजलायत तुम्ही, गोठाल अशाने!"

"राहू दे गं माय," महाराज म्हणाले. "त्याला जरा ऐकू दे."

तांडेलचा कान बर्फाला टेकला होता.