आधी पाहुण्याचा हात

नदीच्या एका वळणावर एक गाव होतं, आणि त्या गावाला एकच नावाडी होता. गावाची होडी म्हातारी झाली होती. फाल्गुनात तिचा तळ उसवला आणि ती काठालाच बसली. आता बघा, बाजार पलीकडे, वैद्य पलीकडे, सुईणही पलीकडेच. पावसाळ्यात नदी फुगली की होडीवाचून गाव म्हणजे कोंडलेलं जनावर. त्यात नावाड्याची बायको पोटुशी होती आणि तिचे दिवस श्रावणातच भरत होते.

मग गावानं घराघरातून भात काढलं. सोळा पोती भरली. मोठ्या जत्रेत होड्या करणारे सुतार येत, ते सोळा पोत्यांना बारा माणसांची होडी देत. पोती गाड्यांत घातली आणि नावाड्याबरोबर गावानं आपला मापारी पाठवला.

हा मापारी वयानं मोठा, बोलायला कमी. धान्य मापायला बसला की आधी खाली चादर अंथरायचा. मापातून बाजूला सांडेल तो दाणान् दाणा शेवटी गोळा करून मालकाच्या राशीत टाकायचा. दुसऱ्या गावचे मापारी सांडलेलं आपल्या घरी नेत. हा म्हणायचा, "सांडलेलं कुणाचं, हे बघितलं की मापणारा कळतो."

जत्रेत पोचल्यावर मापारी सुतारांकडे होडी ठोकून बघायला गेला. नावाड्याला म्हणाला, तू गाड्यांपाशी थांब. नावाडी थांबला. पण शेजारीच एक लाल तंबू होता आणि त्यात सारखा ढोल वाजत होता. प्रत्येक वेळी ढोल वाजला की लोक हसत, कुणीतरी पोतं नाहीतर बकरं घेऊन नाचत बाहेर येई. किती वेळ उभा राहणार बिचारा? गेला आत.

आत पत्त्यांचा डाव चालला होता. डाव अगदी सोपा. पानावर जितके ठिपके तितके त्याचे गुण, चित्राचं पान दहाचं. पानं मागत जायची. एकवीसच्या जितकं जवळ जाल तितकं चांगलं, पण एकवीसच्या पुढं गेलात की फुटलात. तंबूवाल्यापेक्षा जास्त गुण झाले तर जितकं लावलं तितकं वर मिळायचं. तंबूवाला स्वतःही पानं घेई, सतरा झाले की थांबे.

तंबूवाला मोठा गोड माणूस. येईल त्याला गुळपाणी देई. म्हणे, "या पाव्हणं, बसा. आमच्यात आधी पाहुण्याचा हात, मग घरच्याचा." लोकांना याचं फार बरं वाटे. कोण कुणाला इतका मान देतं?

नावाड्याच्या मनात आलं, दोन पोती जास्त झाली तर होडीला शीड घेता येईल. एक पोतं लावलं. वीस झाले, तंबूवाल्याचे एकोणीस. ढोल वाजला. दुसरं लावलं, तेही जिंकला. सोळाची अठरा झाली. शीड पदरात पडलं होतं म्हणा ना. शेजारी बसलेल्या धनगरानं त्याच्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, "तुझ्या हाताला वल्ही नकोत गड्या, पानंच शोभतात." नावाडी उठला नाही.

मग पोती जायला लागली. एक गेलं, एक आलं, दोन गेली. नावाड्याला संशय आला. त्यानं तंबूवाल्याच्या बाह्या बघितल्या, पानं उलटसुलट करून बघितली. तंबूवाला जराही रागावला नाही. उलट म्हणाला, पत्ते तुम्हीच पिसा. नावाड्यानं स्वतः पिसले. तरी एक येई आणि दोन जात. आणि खरं सांगायचं तर पत्त्यांत काही खोट नव्हतीच. तो माणूस पानं चोरत नव्हता.

उन्हं कलली तेव्हा मापारी परतला. होडी ठरवून आला होता, चांगली सागाची. बघतो तर गाडीत नऊच पोती. ढोलाच्या आवाजावर तो तंबूत आला आणि नावाड्याच्या मागं बसला. ओरडला नाही. नुसतं बघत राहिला.

चार जण ओळीनं बसले होते. नावाड्यानं एक पोतं लावलं. आधी पाहुण्यांनी पानं घेतली. नावाड्याचे तेवीस झाले, फुटला. तंबूवाल्याच्या माणसानं त्याचं पोतं तिथल्या तिथं उचलून मागं नेलं. मग तंबूवाल्यानं स्वतःची पानं घेतली. त्याचे झाले चोवीस. तोही फुटला. जे तिघे टिकले होते त्यांना मिळालं, ढोल जोरात वाजला, धनगर उड्या मारायला लागला. त्या गलबल्यात कुणी मागं वळून बघितलं नाही. मापाऱ्यानं मात्र बघितलं. नावाड्याचं पोतं मागंच पडून होतं.

असं त्यानं आणखी दोनदा होताना बघितलं. दोन्ही वेळा पाहुणा फुटला, तंबूवालाही फुटला, आणि पाहुण्याचं काही परत आलं नाही. त्यातलं एक पोतं पुन्हा नावाड्याचंच होतं.

आता गाडीत सातच उरली. नावाड्याचे डोळे लाल झाले होते. उरलेली सातही त्यानं उतरवून ओळीनं चटईवर मांडली.

"काका, हा एकच डाव," तो म्हणाला. "मला आतून कळतंय, ही पानं माझी आहेत. सारं एकदम भरून निघेल."

लोक उठून उभे राहिले. सात पोती एका डावाला कुणी लावली नव्हती. ढोलवाल्यानं काठी वर धरली. मापाऱ्यानं नावाड्याचा हात धरला नाही. तो तंबूवाल्याकडे वळला.

"मालक, एक विचारू?"

"विचारा की काका."

"मघाशी हा फुटला. मागून तुम्हीपण फुटलात. मग याचं पोतं याला परत का नाही?"

"तो आधी फुटला ना."

"बरं. मग एवढा डाव आधी तुम्ही पानं घ्या. तुमचे किती झाले ते बघून हा घेईल."

तंबूवाला हसला. "असं कसं, काका? पाहुण्याला मागं ठेवायची आमच्यात रीत नाही."

"पाहुण्याला जेवायला आधी बसवतात, मालक. फुटायला आधी कशाला बसवायचं?"

ढोलवाल्याची काठी तशीच वर राहिली. तंबूवाल्यानं पानं खाली ठेवली. माणूस गोड होता म्हटलं ना, खोटं बोलायचं त्याच्याही जिवावर आलं असावं.

तो हळू आवाजात म्हणाला, "काका, मी आधी हात घातला तर पंधरा दिवसांत हा तंबू विकावा लागेल. दर डावाला जिंकायची मला गरजच नाही. लोक बसून राहिले की झालं."

नावाड्यानं ते ऐकलं. त्यानं चटईवरच्या पोत्यांकडे बघितलं. त्यातल्या एकाला पाटलिणीनं निळ्या दोरीची शिवण घातली होती, एकावर म्हाताऱ्या विधवेच्या घरचं ठिगळ होतं. तो वाकला आणि एक एक पोतं उचलून गाडीत टाकायला लागला.

त्याच्या जागी धनगर सरकून बसला. दोघे तंबूच्या दारात पोचले तोच मागं ढोल कडाडला. धनगराचे बरोबर एकवीस झाले होते.

नावाडी मागं वळला. "काका, ती पानं माझी होती."

"तुझीच होती," मापारी म्हणाला. "आणि ती मिळाली असती तर तू पुढच्या डावालाही बसला असतास. चल."

नावाडी चालायला लागला. पावलं जड पडत होती, पण चालला.

सात पोत्यांना सागाची होडी कोण देणार? सुतारानं चार माणसांची एक छोटी डोंगी दिली. शिडाचं तर नावच नको. डोंगी गाडीवर बांधून निघाले तेव्हा वेशीपाशी धनगर भेटला. सकाळी त्याच्यामागं तीस मेंढरं होती. आता हातात नुसती काठी होती.

गावानं नावाड्याला बोल लावले, लावणारच. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतले. सांगितलं, बारा माणसं एका खेपेत गेली असती, आता मी तीन खेपा मारीन, आणि जास्तीच्या खेपांचं काही घेणार नाही. श्रावणात ऐन पुरात त्यानं त्याच डोंगीतून सुईण आणली. मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं ऐकलं तेव्हा नावाडी ओलाचिंब दारात उभा होता, आणि मापारी त्याला सारखा विचारत होता, अरे, हसतोस का रडतोस?

आणखी एक गोष्ट नावाड्यानं जन्मभर पाळली. पूर असो नसो, काठावर माणसं जमली की तो त्यांना थांबवी. आधी स्वतः डोंगीत उतरे, दोन्ही पाय रोवून ती हलवून बघे, आणि मग हात पुढं करी.

कुणी घाईनं पाय टाकायला गेलं तर म्हणे, "थांबा पाव्हणं. बुडायचा मान आधी माझा."

तात्पर्य: खेळाला बसण्याआधी पानं तपासू नका, आधी कुणी पडायचं ते तपासा. जो आपला पाय मागं ठेवून तुम्हाला पुढं घालतो, त्याचा मान घेऊ नका. जो आधी स्वतः होडीत उतरतो, त्याचा हात धरा.