करड्या संगमरवराचं घर

फार जुनी गोष्ट. तेव्हा उंदीर बिळांत नव्हे, ऐसपैस दगडी घरांत राहायचे. त्यांच्या सरपंचानं, मुसळ्यानं, नव्या घरासाठी गडद करडा संगमरवर पसंत केला. जमीन करडी, भिंतीही करड्याच.

"आपण करडे, घर करडं! मांजर आत डोकावलं तरी त्याला कुणी दिसायचं नाही," तो ऐटीत म्हणाला.

त्याची बायको टिचकी मात्र धास्तावली. "अहो, पण ते मांजर कोणत्या रंगाचं आहे?"

"कुणाला ठाऊक? ज्यांनी जवळून पाहिलं, ते परत कुठे आले?"

सगळे हसले. टिचकीला काही हसू येईना. "निदान जमीन तरी पांढरी घ्या हो," ती काकुळतीला आली. पण कुणी ऐकलं नाही.

वास्तुशांतीच्या संध्याकाळी पोरं घरभर हुंदडू लागली. टिचकीला त्यातलं एकही दिसेना. जीव मुठीत धरून ती एकेकाला हाक मारत होती आणि पोरं ओ देत होती. धाकट्याची ओ काही आली नाही.

"कुठे दडलास रे, बाळा?" म्हणत ती भिंतीकडे वळली.

भिंतीनं दोन हिरवे डोळे उघडले.