खापरठाणच्या शिवेवरचा चालता धोंडा

हा कललेला धोंडा दिसतो ना, ती आमच्या खापरठाणची शीव. धोंड्याच्या पलीकडं ओढ्यापर्यंतचं सगळं रान दुधवळचं. दोन्ही गावांत याला चालता धोंडा म्हणतात. तुम्ही मातीचा अभ्यास करणारी मुलं, म्हणून आधी तुम्हाला इथं आणलं. मघाशी तुमचे सर त्या खड्ड्यात उतरून सांगत होते की या मातीत शंभरातले साठ भाग नुसती चिकणमाती आहे, आणि पुस्तकात तिचा वर्ग वेगळाच लावलेला आहे. असेल. आमच्याकडं वर्ग साधे. गाव वसतं ती पांढरी. वरच्या माळावर मुरूम. माळाच्या उतरणीला बरड, तिथं कुळीथ-मटकीपलीकडं काही होत नाही. ओढ्याच्या कडेला थोडी चोपण, पाणी पडलं की साबणासारखी होणारी. आणि मधली ही सगळी काळी. तीन पुरुष, म्हणजे तीन माणसांच्या उंचीइतकं, खोल खणलं तरी काळीच लागते, मग कुठं चुनखडीचे पांढरे खडे दिसतात. पाऊस न पडता हिवाळ्यात ज्वारी पिकते ती हिच्याच पोटातल्या ओलीवर.

आता या भेगा बघा. हात घातला तर खांद्यापर्यंत जातो. या भेगांमुळंच एका माणसाचा हात जायची वेळ आली होती, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा परगण्याचा न्याय देशमुख करत. खापरठाणचे पाटील होते मानकोजी, दुधवळचे हैबती. गावाची शीव राखायचं काम महारांकडं असे. शीव कुठून कुठं जाते हे महार सांगेल ते दोन्ही गावं मानत. खापरठाणची शीव सटवा नावाचा महार राखत होता. त्याच्या आधी त्याचा बाप, त्याच्या आधी आजा. सटवा कमी बोलणारा माणूस होता म्हणे. दर पंधरवड्याला शीव पायी फिरून यायचा.

एका वर्षी आखितीच्या सुमाराला, म्हणजे अक्षय तृतीयेला, हैबती पाटलांनी देशमुखांकडं तक्रार नेली. शिवेचा धोंडा आपल्या रानात सरकवला आहे, असं त्यांचं म्हणणं. देशमुखांकडं जुना कागद होता. माळावर जो मोठा खडक आहे, तो बघा तिकडं, त्या खडकापासून बरोबर शंभर काठ्यांवर धोंडा, असं त्यात लिहिलेलं होतं. काठी म्हणजे जमीन मोजायचा बांबू, साडेपाच हातांचा. देशमुख स्वतः आले. मोजलं. शंभर काठ्या भरल्या आणि वर सात हात राहिले. तेवढं दुधवळचं रान खापरठाणात आलं होतं.

देशमुखांनी मानकोजींना विचारलं, "पाटील, हे कसं झालं?"

मानकोजी म्हणाले, "मला ठाऊक नाही. शीव सटवा राखतो. त्याला विचारा."

सटव्याला उभं केलं. तो म्हणाला, "मायबाप, म्या धोंड्याला हात लावला न्हाई. त्यो सरकतोय हे मला दिसत होतं. पाटलांच्या कानावर दोनदा घातलं होतं."

मानकोजींनी मान हलवली. असं काही कानावर आलं नाही, असं सभेत सांगितलं.

शिवेचा धोंडा हलवणाऱ्याचा उजवा हात मनगटापासून तोडायचा, अशी तेव्हाची शिक्षा. धोंडा आपण होऊन सात हात चालत गेला, हे कोण मानणार? सभा उठायच्या बेताला आली तेव्हा सटव्याची बायको पुढं आली. तिचं नाव धुरपदा. ती गावातल्या धाब्यांवर, म्हणजे घरांच्या सपाट मातीच्या छपरांवर, पांढरी माती टाकायचं, भिंती लिंपायचं काम करायची. कोणत्या खाणीची माती छपराला चालते आणि कोणती गळते, हे तिला विचारूनच लोक घर शाकारत.

धुरपदा देशमुखांना म्हणाली, "मायबाप, एक विचारते. आपण घर पांढरीवर का बांधतो? काळीवर का न्हाई?"

देशमुख म्हणाले, "काळीवर बांधलेलं घर टिकत नाही."

"का टिकत न्हाई?"

"भिंती फाटतात. जमीन हलते."

"मग घराची भिंत हलते, तर धोंडा का हलणार न्हाई?"

हैबती पाटील म्हणाले, "घर पडतं. ते चालत जात नाही."

धुरपदा म्हणाली, "माझ्या सासऱ्यानं राखणीसाठी काळीच्या कडेला खोप घातली होती. मी लगीन होऊन आले तवा तिची मेढ, छपराचा खांब, दारापासून हातभर आत होती. चार वर्सांत ती मेढ दारात आली. मी रोज तिला वळसा घालून आत जात होते. कुणी सरकवली नव्हती."

मग तिनं सांगितलं ते असं. उन्हाळ्यात काळी सुकते, आकसते, भेगा पडतात. वरची माती भुरभुरीत होते, ज्वारीच्या दाण्यांएवढी, आणि वाऱ्यानं, गुरांच्या पायांनी त्या भेगांत पडते. पाऊस आला की खालची माती फुगते. पण तिची जागा वरून पडलेल्या मातीनं घेतलेली असते. फुगलेली माती मग जाणार कुठं? ती शेजारच्या मातीला ढकलते, वर उचलते. उतार असेल तर उताराकडं ढकलते. आणि शीव तर सगळी ओढ्याकडं उतरती.

देशमुखांनी शिवेवरून ओढ्याकडं नजर टाकली. मग म्हणाले, "हे दाखवून देशील?"

"देईन. पण एका दिसात न्हाई. जमिनीचा एक फेरा होऊ द्या. सुकल्यापासून पुन्हा सुकेपर्यंत. ह्या आखितीपासून पुढल्या आखितीपर्यंत."

देशमुखांनी वर्ष दिलं. दोन सारखे धोंडे निवडले. एक माळावर मुरमात कमरेइतका खोल गाडला, एक काळीत तितकाच खोल, खडकापासून शंभर काठ्यांवर. मोजायला दोर घ्यावा असं कुणी सुचवलं. धुरपदा नको म्हणाली, कारण अंबाडीचा दोर ओला झाला की आखडतो, आणि मग दुधवळवाले म्हणतील दोरानं फसवलं. म्हणून एकच बांबू ठरला आणि तो देशमुखांच्या वाड्यात ठेवला. धोंड्यांवर दोन्ही गावांचा एकेक माणूस पाळीनं बसायचा. सटवा तोवर देशमुखांच्या गावी राहील, खापरठाणात पाऊल टाकणार नाही, अशी अट घातली.

पाऊस आला. काळीत माणूस जाईना. पाय टाकला की पोटरीपर्यंत रुतायचा, उचलला की मणभर चिखल घेऊन यायचा. राखणदार बांधावरून बघत बसायचे. धोंड्याभोवती कुणाच्या पावलाचा ठसा उमटला नाही, हे दोन्ही गावांनी रोज पाहिलं.

कार्तिकात देशमुखांनी एकदा मोजून घेतलं. मुरमातला धोंडा जागच्या जागी होता. काळीतलाही जागच्या जागी होता. बोटभरसुद्धा फरक नव्हता.

दुधवळची माणसं म्हणाली, झाला न्याय. देशमुखांनाही तसंच वाटू लागलं, असं सांगतात. धुरपदेनं एवढंच म्हटलं, "अजून ती सुकली न्हाई. ओली हाय तवर धोंड्याला चारी बाजूंनी दाबून धरते, सुकून आकसली की सोडते. फेरा पुरा होऊ द्या." शब्द दिलेला होता, म्हणून देशमुख थांबले.

त्यानंतर ती सटव्याला भेटायला गेली. पाच कोस चालत, फडक्यात भाकरी बांधून. देशमुखांच्या वाड्यामागं त्याला लाकडं फोडायला लावलं होतं. त्याला मोजणीचं कळलं होतं. त्यानं विचारलं, "तुला खातरी हाय का?"

ती म्हणाली, "न्हाई."

मग दोघं भाकरी खात बसले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मेढ सरकलेली मी पाहिली हाय. तेवढंच मला ठाऊक. धोंड्याचं मला ठाऊक न्हाई."

सटवा म्हणाला, "मला धोंड्याचं ठाऊक हाय. आज्यानं दाखवलेली जागा निराळी होती. म्या दर पंधरवड्याला त्याच्यापाशी उभा राहायचो." त्यानं आपला उजवा हात तिच्या हातात दिला आणि ती उठेपर्यंत काढून घेतला नाही.

माघ-फाल्गुनात ज्वारी निघाली. चैत्रात भेगा पडायला लागल्या. राखणीला बसलेल्या दुधवळच्या एका माणसाची काठी भेगेत पडली ती सापडलीच नाही. वैशाखात आखितीला देशमुख बांबू घेऊन आले. दोन्ही गावं जमली. सटव्यालाही आणलं होतं.

आधी मुरमातला धोंडा मोजला. जसाच्या तसा. मग काळीतला. शंभर काठ्या भरल्या आणि वर चार बोटं उरली. धोंडा ओढ्याकडं कलला होता आणि तीन बोटं वर आला होता, गाडताना केलेली खूण मातीच्या वर दिसत होती.

हैबती पाटील म्हणाले, "चार बोटं कुठं आणि सात हात कुठं?"

धुरपदेनं विचारलं, "जुना धोंडा कधी बसवला?"

दुधवळच्याच एका म्हाताऱ्यानं सांगितलं की धोंडा बसवला तेव्हा तो गुरं राखत होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली असतील. देशमुखांनी जमिनीवर खडे मांडले. चोवीस बोटांचा एक हात. दर साली चार बोटं. बेचाळीस सालांत सात हात. ते खडे तसेच ठेवून उठले आणि म्हणाले, "धोंड्याशेजारी खणा."

पुरुषभर खणल्यावर बाजूच्या मातीत तिरपे, चकचकीत काप दिसले, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या पाट्यासारखे. मघाशी तुमच्या सरांनी तुम्हाला दाखवले तसलेच. माती मातीवर घासून ते होतात. देशमुखांनी खाली उतरून त्यावर तळवा फिरवला. वर येऊन त्यांनी सटव्याला निर्दोष ठरवलं. हैबती पाटलांनी सर्वांसमोर ते मान्य केलं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

देशमुखांनी धुरपदेला विचारलं, तुला काय पाहिजे. लोकांना वाटलं, जमीन मागेल. ती म्हणाली, "दर आखितीला मोजायचं आन् धोंडा पुन्हा जागेवर बसवायचा. आणि बांबू पाटलांनी सोता उचलायचा. दुसऱ्याच्या हाती द्यायचा न्हाई." मग ती मानकोजींकडं वळली. "पाटील, ह्यांनी तुमाला दोनदा सांगितलं होतं. मी दारात उभी होते. तुमी म्हणाला होता, राहू दे, रान आपल्याच पदरात पडतंय. ते आता सगळ्यांना सांगा."

ऊन चढलं तरी कुणी हललं नाही, असं सांगतात. शेवटी मानकोजी बोलले. हळू बोलले, म्हणून देशमुखांनी पुन्हा बोलायला लावलं.

सटव्यानं शीव राखायचं काम पुन्हा घेतलं नाही. देशमुखांनी विनवलं, तरी नाही. तो आणि धुरपदा दोन्ही गावं सोडून गेले. कुठं गेले ते कुणाला सांगता येत नाही. काही म्हणतात गोदावरीच्या पलीकडं, काही म्हणतात घाटाखाली. त्यानंतर आमच्या शिवेला राखणदार ठेवलेला नाही.

आजही आखितीला दोन्ही गावं इथं जमतात. आता तालुक्याचा मोजणीदार यंत्र घेऊन येतो, नकाशे आहेत, कुणाचं रान कुठवर हे कुणी धोंड्यावरून ठरवत नाही. तरी बांबू निघतोच. एका टोकाला हैबतीच्या घरचं माणूस, दुसऱ्या टोकाला मानकोजीच्या घरचं. गेल्या वर्षी तीन बोटं भरली, त्याआधी पाच. धोंडा उपटून जागेवर बसवला की मानकोजीच्या घरच्यानं जमलेल्यांपुढं एक वाक्य म्हणायचं असतं: 'सटवा खरं बोलत होता आणि आम्हाला ते ठाऊक होतं.' त्याशिवाय कुणी घरी जात नाही.

ते घर आमचं. एकतीस वर्षं मी ते वाक्य म्हटलं. यंदा गुडघे शंभर काठ्या चालू देत नाहीत, म्हणून उद्या माझी सून बांबू धरणार आहे. काल जेवताना तिनं विचारलं, "मामा, इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट. 'आम्हाला' म्हणायचं, का 'त्यांना' म्हटलं तर चालेल?"

मी तिला सांगितलं, "आम्हाला."