आबासाहेबांचं पिवळं पान

आमच्या गावात नळाला दर तीन दिवसांनी पाणी येतं. कुठल्या गल्लीला कधी येणार, हे नगरपालिकेच्या नव्या वेबसाइटवर कळणार होतं. वेबसाइटचं काम करणाऱ्या शलाकाने त्यासाठी साधं पान बनवलं. पांढऱ्यावर काळी, ठळक अक्षरं आणि सगळ्यात वर पाण्याच्या वेळा.

नगराध्यक्ष आबासाहेब गुंजकर भडकले. "हे काय, दुखवट्याची जाहिरात? पिवळ्यावर लाल, नक्षीदार अक्षरं टाक. मध्ये माझा मोठा फोटो. वेळा घाल खाली कुठेतरी, बारीक."

"लोकांना वाचता येणार नाही, साहेब."

"तू मला शिकवू नकोस! उद्या उद्घाटन आहे. माझं भाषणही तूच टाइप करून आण."

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळा कळतील म्हणून आलेल्या बायकांनी सभागृह भरून गेलं. आबासाहेबांनी माईकसमोर भाषण उघडलं. पिवळा कागद, लाल नक्षीदार अक्षरं, मध्ये त्यांचाच हसरा फोटो आणि तळाशी मुंग्यांची रांग लागावी तसा मजकूर. त्यांनी चष्मा पुसला, कागद दिव्याकडे धरला. "सन्माननीय..." याच्यापुढे गाडी जाईना. बायका खुदखुदू लागल्या.

"अगं, हे वाचायचं कसं माणसाने?" आबासाहेब माईकवरच ओरडले.

शलाका शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमचं भाषण अडलं तर चार टाळ्या कमी पडतील. या बायकांना पाण्याची वेळ सापडली नाही, तर घरात तीन दिवस पाणी नसेल."

टाळ्या मात्र त्या दिवशी भरपूर पडल्या. आबासाहेबांनी त्या आपल्याच समजून हात जोडले आणि साधं पान मंजूर करून टाकलं.