पुढच्या दातांची रीत

"पण बाई, दुखत नसताना दात बिघडलेत हे तुम्हाला कळतं कसं?"

तोंडातला आरसा निघाल्या निघाल्या अप्पांनी हे विचारलं. आरसा आत असतानाही ते हेच विचारत होते, फक्त तेव्हा कुणाला समजलं नव्हतं.

कस्तुरी बिराजदार सोलापुरात दातांचा दवाखाना चालवायची. हात चांगला, आणि तो चांगला आहे हे तिला पक्कं ठाऊक. नदीकाठच्या या लहानशा मठात तिला भक्तांनी आणलं होतं, मठाचे स्वामी गुरुपादय्या यांचे दात बघायला. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांनी स्वतः काही तिला बोलावलं नव्हतं.

अप्पांच्या दाढा केव्हाच पडल्या होत्या, वरच्याही आणि खालच्याही. पुढचे दात तेवढे उरले होते, तेही झिजून बुटके झालेले.

"बघून कळतं," कस्तुरी म्हणाली.

"काय बघून?"

"दात बघून."

"माझे दात तर हा मल्लेश रोज बघतो. त्याला नाही कळलं."

मल्लेश अप्पांच्या उजव्या हाताला उभा होता. तिशी ओलांडलेला, धिप्पाड. अप्पांच्या मागे गादी त्याच्याकडे यायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तो अप्पांसारखा चालायचा, अप्पांसारखा खाकरायचा, आणि अप्पांसारखीच मान जरा डावीकडे कलती ठेवायचा. गुरूचं सगळंच घ्यावं म्हणतात. मल्लेशनं खरोखर काही सोडलं नव्हतं.

"हे बघा अप्पा," कस्तुरी स्टूल पुढे ओढत म्हणाली. "एक दात किडला तर तेवढा दात दुरुस्त करायचा. दोन पडले, दोन बसवायचे. पण कधी कधी वरच्या दातांनी खालच्यांवर टेकायचं कुठं, हेच बिघडून जातं. मग एक बसवला की शेजारचा तुटतो. तो नीट केला की पलीकडचा हलायला लागतो. अशा वेळी एकेक दात बघून भागत नाही. सगळं तोंडच नव्यानं बांधावं लागतं."

"घरासारखं."

"घरासारखंच."

"घराची भिंत फुगली की कळतं. तोंडाचं काय फुगतं?"

"फुगत नाही, आखडतं. दात झिजले की नाक आणि हनुवटी जवळ येतात."

अप्पांनी अंगठा हनुवटीला लावला, तर्जनी नाकाच्या शेंड्याला, आणि ते अंतर डोळ्यांसमोर धरून कुतूहलानं बघितलं.

"हे तर म्हातारपणानंही होतं."

"होतं."

"मग यातलं म्हातारपण किती आणि दात किती?"



"एक्स-रे काढला की कळेल," ती म्हणाली.

"आणि नाही बांधलं तर?"

"पुढचे दात घास तोडायला असतात, दळायला नसतात. तुम्ही त्यांच्याकडून दळणाचं काम करून घेताय. आज ना उद्या ते तुटणार. मग तुम्हाला पेजेशिवाय काही खाता येणार नाही."

"पेज बरी असते."

"अप्पा!"

"मला चालतंय की, बाई. दुखत नाही, खुपत नाही. तुमचे कष्ट एखाद्या दुखणाऱ्याला द्या."

मल्लेशला जोर चढला. "अप्पांच्या तोंडाला हात लावायचं कारणच नाही," तो म्हणाला. "अप्पांचं जेवण म्हणजेसुद्धा साधना आहे."

अप्पांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"हो का?"

मल्लेशनं हात जोडले.

कस्तुरीला राग आला. एवढं ऊन डोक्यावर घेऊन यायचं, आणि म्हातारा शाळेतल्या पोरासारखे प्रश्न विचारून वाटेला लावणार. तिनं आरसा पुसला, पेटी बंद केली.

"रागावलात," अप्पा म्हणाले. "जेवून जा."

मठात जेवणाचा एक रिवाज होता. आधी अप्पा जेवायचे. बाकी सगळे भिंतीला लागून बसायचे आणि बघायचे. कुणी बोलायचं नाही. अप्पांचं झालं की ते आत जाऊन आडवे व्हायचे आणि मगच बाकीच्यांची पंगत बसायची.

ताटात कडक भाकरी होती, शेंगाचटणी होती, वाटीत आमटी. अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खालचा जबडा पुढे काढला आणि पुढच्याच दातांनी बारीक बारीक कुरतडत घास संपवला. दुसरं काय करणार? मागे दाढा नव्हत्या. कस्तुरीनं असे जबडे पुष्कळ पाहिले होते.

अप्पा हात धुऊन आत गेले. पंगत बसली. कस्तुरीला मल्लेशच्या शेजारी पान मिळालं.

तिनं भाकरी मोडली, सहज समोर बघितलं, आणि घास तिच्या हातातच राहिला.

समोरच्या रांगेतले सगळेच्या सगळे खालचा जबडा पुढे काढून पुढच्या दातांनी भाकरी कुरतडत होते. हात तोंडापाशी, मान डावीकडे, नजर ताटात. खारींची पंगत बसावी तसं दिसत होतं. तिला हसूच आलं, पण मठात कसं हसायचं, म्हणून ती पाणी प्यायली.

"हे... असं का जेवतात सगळे?" तिनं मल्लेशला हळूच विचारलं.

"अग्रचर्वण," मल्लेश म्हणाला. त्याला हा प्रश्न आवडलेला दिसला. "मठाची रीत आहे. घास मागे ढकलायचा नाही, मागे अंधार असतो. पुढेच ठेवायचा आणि नाम घेतल्यासारखा कणाकणानं चावायचा."

"हे अप्पांनी शिकवलं?"

"अप्पा शिकवत नाहीत. अप्पा करतात. आम्ही बघतो."

"आणि नाव?"

"नाव मी दिलं." तो जरा थांबला. "सोपं नाही हे. नव्या माणसाला वर्ष वर्ष जमत नाही."

त्यानं घास घेतला. जबडा पुढे सरकला आणि त्याच्या कानापाशी टक्कन आवाज झाला. पुन्हा घास, पुन्हा टक्क.

कस्तुरीचं हसू गेलं.

"ते काय वाजतंय, अण्णा?"

"हाड. सकाळी जास्त वाजतं. एखाद्या दिवशी जबडा धरूनच बसतो. गरम पाण्यानं शेकला की सुटतो."

"डोकं दुखतं?"

"दुखतं."

"कुणाला दाखवलंत?"

"दुखणार नाही तर साधना कसली, बाई?"

कस्तुरीनं भाकरी ताटात ठेवली. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांवर धरली आणि उभी करून आपल्या तोंडात घातली. बाहेर काढली.

"जबडा नीट उघडत असला की तीन जातात. एवढं करून दाखवा."

मल्लेशनं तिच्याकडे असं बघितलं, की मठात हे काय मांडलंय? पण माघार घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं तीन बोटं तोंडाला लावली. जाईनात. दोन लावली, तीही जाईनात. एक कसंबसं गेलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागलं," तो म्हणाला.

समोरच्या रांगेत कुणीतरी आपलीही तीन बोटं तोंडात घालून बघितली. मग शेजाऱ्यानं. बघता बघता सगळी पंगत तोंडात बोटं घालून बसली. कुणाची तीन जात होती, कुणाची अडकत होती.

त्याच वेळी आतलं दार उघडलं. आज पंगतीत कुजबुज कसली चाललीय हे बघायला अप्पा बाहेर आले होते.

सगळ्यांनी घाईघाईनं बोटं काढली.

"काय चाललंय?" अप्पांनी विचारलं.



"अप्पा, तुम्ही जरा इथं बसा," कस्तुरी म्हणाली. "आणि यांना जेवताना बघा. तुम्ही कधी बघितलंय?"

अप्पांनी आठवून पाहिलं. "नाही. मी तोवर झोपतो."

ते भिंतीला टेकून बसले, जिथं रोज बाकीचे बसायचे. पंगत आधी अवघडली. मग गुरूसमोर आपली रीत दाखवायची म्हणून प्रत्येक जण मन लावून जेवू लागला. जबडे पुढे आले. माना डावीकडे झुकल्या.

अप्पा बघत राहिले...

"हे असं का चावतोस रे?" शेवटी त्यांनी मल्लेशला विचारलं.

"तुमचीच रीत आहे, अप्पा."

"माझी?"

"मी आलो त्या दिवसापासून बघतोय. तुम्ही दाढेनं कधीच चावलं नाहीत."

"आ कर."

मल्लेशनं आ केला. जेवढा होत होता तेवढा. अप्पा गुडघ्यांवर सरकत त्याच्याजवळ गेले. कस्तुरीनं आपली छोटी बॅटरी त्यांच्या हातात दिली. अप्पांनी वाकून आत बघितलं. पुढचे दात सपाट झिजलेले, कडा उडालेल्या. आणि मागे, बॅटरीच्या उजेडात, दोन्ही बाजूंना दाढा. धडधाकट, जवळजवळ कोऱ्या.

"दाढा आहेत की तुला."

"आहेत, अप्पा."

"मग त्यांनी का नाही चावत?"

"तुम्ही नाही चावत म्हणून."

"अरे, मला नाहीत!"

अप्पांनी आपला गाल बोटानं ओढून धरला आणि उघडं पडलेलं हिरड्यांचं मैदान त्याला दाखवलं.

मल्लेश बघत राहिला. रोज तो त्या तोंडाकडे बघत आला होता. पुढून.

पंगतीत सगळ्यांचे हात थांबले होते. कुणीतरी हळूच घास मागच्या दाढेवर सरकवला. कडक भाकरीचा कुरुम असा मोठा आवाज झाला आणि तो माणूस लाजून थांबला.

मल्लेशनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. रागानं की रडण्यानं, ते पटकन कळेना. मग तो रडतोय हे कळलं. एवढ्या वर्षांची डोकेदुखी त्यानं हौसेनं सोसली होती, तिला नाव दिलं होतं, दुसऱ्यांना शिकवली होती. ती एका म्हाताऱ्याची अडचण निघाली.

अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

"बाई," मग त्यांनी विचारलं, "याचंही सगळं तोंड नव्यानं बांधायचं?"

"नाही." कस्तुरीनं मल्लेशचा जबडा कानापाशी दोन्ही हातांनी चाचपला होता. "याच्या दाढा शाबूत आहेत, त्यांच्यामुळं टेकायची जागा अजून टिकून आहे. आधी रात्री दातांवर घालायची एक पट्टी देते, जबडा निवांत होऊ दे. मग पुढच्या दातांची डागडुजी. पण ही रीत आजच थांबली पाहिजे. आणखी काही वर्षं असंच चाललं तर याचंही तुमच्यासारखं होईल."

"दाढा असूनही?"

"दाढा असूनही. जबडा तर त्याच्या आधीच जाईल."

"आणि माझं?"

"तुमचं सगळंच, अप्पा. मी मघाशीच सांगितलं."

"मघाशी मला पटलं नव्हतं."

एवढं बोलून अप्पा उठले. सकाळी तपासायला बसले होते त्या अंगणातल्या खुर्चीपाशी गेले, तिच्यात बसले आणि त्यांनी आ केला.

कस्तुरी पेटी घेऊन मागोमाग आली. पेटी उघडता उघडता थांबली.

"अप्पा, एक विचारू?"

अप्पांनी तोंड न मिटताच मान हलवली.

"सकाळपासून मी तुम्हाला समजावतेय. खुणा सांगितल्या, भीती घातली. तुम्ही ऐकलं नाहीत. आणि आता न सांगता येऊन बसलात. तुमच्या तोंडात तर सकाळपासून काहीच बदललेलं नाही."

अप्पांनी मल्लेशकडे बोट केलं आणि पुन्हा आ केला.

तिनं आरसा आत घातला. या वेळी ती नुसते दात बघत नव्हती. तिनं त्यांना तोंड मिटायला लावलं, मिटलेल्या तोंडाकडे नीट बघितलं, गालांवर बोटं ठेवून जबडा हलवायला लावला. काम लांबणार होतं. आधी कच्चे दात बसवून बघायचे, जबडा ते मानतो का याची वाट बघायची, मग पक्के. तिनं हे सगळं सांगितलं. अप्पा लक्ष देऊन ऐकत होते, मधूनमधून प्रश्नही विचारत होते, आणि आता तिला त्या प्रश्नांचा राग येत नव्हता.

मल्लेश तोंड धुऊन आला. खुर्चीच्या उजव्या हाताला, रोजच्या जागी उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते, पण मन सावरलेलं दिसत होतं. काहीतरी त्याला विचारायचं होतं.

"अप्पा..."

"बोल."

"नवे दात बसले की तुम्ही कसं चावाल?"

"का रे?"

"म्हणजे... उजवीकडून की डावीकडून? आत्ताच कळलं तर बरं. पंगतीला सांगावं लागेल."

कस्तुरीच्या हातातला आरसा तसाच राहिला. अप्पांनी डोळे मिटले. त्यांचं पोट हलत होतं. ते हसत होते, आवाज न करता, आणि डोळ्यांच्या कडांना पाणी जमलं होतं. मग हसू थांबलं.

"मल्लेश."

"जी, अप्पा."

"उद्यापासून माझं ताट आत ठेव. आणि दार लावून घे."