अनंत नफा आणि जत्रेची रजा

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्याचे मालक भास्करराव यांनी रेषीय नियोजनाची गणिते सोडवणारे सॉफ्टवेअर आणले. अख्खा काजू किती काढावा आणि पाकळी किती, म्हणजे नफा सर्वाधिक होईल, असे त्यांनी स्वतःच संगणकाला विचारले. उत्तराच्या जागी अनंताचे चिन्ह उमटले.

भास्कररावांनी सर्वांना बोलावून ते दाखवले. "नफा अनंत! आता जत्रेची रजा विसरा."

काजू फोडणाऱ्या बाया हिरमुसल्या. वर्षातून एकदाच, जत्रेला, त्यांना माहेर दिसे.

उत्पादनाचे नियोजन पाहणाऱ्या रेवतीबाईंनी कुतूहलाने गणितातल्या अटी वाचल्या. त्यांत ना बियांचा साठा होता, ना बायांच्या कामाचे तास; मग नफ्याला मर्यादा कुठून येणार?

"साहेब, अनंतातून एका दिवसाचा नफा वजा केला, तर किती उरतो?"

"अनंतच! एवढंही ठाऊक नाही?"

"मग रजेनं काय कमी होणार?"

"अहो, पण बाया गेल्या तर बिया फोडणार कोण?"

"त्या तुमच्या गणितात नाहीतच, साहेब. जत्रेला गेल्या, तरी त्याला कळणार कसं?"

भास्कररावांनी आधी रजेच्या अर्जावर सही केली. गणितात तासांची अट त्यानंतर घातली.