थैली आणि कुंभाराचा गवई

"उद्या भरदरबारात माझं गाणं गोड आहे असं म्हण. ही मोहरांची थैली तुझी. नाही म्हणालीस, तर तुझ्या बापाची भट्टी मोडून टाकीन!"

करंजगडच्या रणधवल राजाने कुंभाराच्या बयजाला असं बजावलं. झालं होतं एवढंच, की ती राजवाड्यात पाण्याचे डेरे पोचवायला गेली, तेव्हा राजा गात होता आणि दरबारी माना डोलवत होते. राजाने तिलाही विचारलं. ती म्हणाली, "आवाज मोठा आहे, महाराज. सूर मात्र जागेवर नाही."

थैली पाहून तिचा बाप मानाजी हादरला. "म्हणून टाक की पोरी. एका शब्दाने आपलं काय जातंय?"

"बाबा, बाजारात बायका मडकं वाजवून बघत नाहीत, मला विचारून घेतात. उद्यापासून कोण विचारेल?"

म्हणाली खरी, पण तिची नजर पुन्हा पुन्हा भट्टीकडे जात होती. तेवढ्यात दारातलं गाढव ओरडलं. बयजाला एकदम हसूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती गाढव घेऊनच दरबारात शिरली. पहारेकरी धावले. राजाने त्यांना हातानेच थांबवलं. "हे काय आणलंस?"

"आमचा गवई, महाराज."

तिने गाढवाला हिरवा चारा दाखवला आणि झटकन मागे घेतला. गाढवाने असा काही सूर लावला, की छतावरची कबुतरं उडाली. मग बयजाने थैली राजापुढे ठेवली. "ही घ्या, आणि सगळ्यांसमोर म्हणा, याचं गाणं गोड आहे."

राजा लालबुंद झाला. "मूठभर मोहरांसाठी मी असलं खोटं बोलू? माझ्या जिभेची एवढीच किंमत?"

"थैली तीच आहे, महाराज," बयजा म्हणाली. "तुमच्या जिभेला ती पुरत नाही, मग माझ्या जिभेला कशी पुरावी?"

राजाने थैलीकडे पाहिलं, गाढवाकडे पाहिलं, ओठ दाबून धरले. पण हसू काही आवरेना.

"भट्टी तुमचीच राहील," तो म्हणाला. "शिवाय नदीकाठची चिकणमातीची जमीन तुझ्या बापाला दिली. आता खरं सांग पोरी, आम्हा दोघांत बरं कोण गातं?"

बयजाने क्षणभर विचार केला. "सूर दोघांचाही सारखाच, महाराज. पण गाढव लवकर थांबतं."

राजा पोट धरधरून हसला, आणि गाढवाच्या पाठीवर जरीची झूल घालायला त्याने स्वतः फर्मावलं.